कंदिलाच्या उजेडातला पूर

पानशेत फुटलं तेव्हा माझा मामा नऊ वर्षांचा होता. शनिवार पेठेतला वाडा, हातात कंदील घेऊन जिन्यावर उभी असलेली आजी आणि काळोखात एकेक पायरी चढणारं पाणी, हे तो आजही शपथेवर सांगतो. पण १२ जुलै १९६१ च्या बुधवारी पुण्यात पाणी चढलं ते भरदिवसा. मावशी तेव्हा चौदा वर्षांची होती. ती सांगते, पाणी आलं तेव्हा चुलीवर आमटी होती. कंदील लागला तो रात्री, वीज नसल्यामुळे, जिन्यावरचा गाळ खरवडताना. मामा खोटं बोलत नाही. एकाच दिवसाची दोन दृश्यं त्याच्या मनात एकमेकांना चिकटली आहेत.

शहराच्या आठवणीचंही तसंच झालं. आपण 'पानशेतचा पूर' म्हणतो, पण त्या दिवशी दोन धरणं फुटली. पानशेतचं पाणी खडकवासल्याच्या तलावात शिरलं आणि काही तासांनी ते जुनं दगडी धरणही गेलं. बोलण्यात मात्र खडकवासला मागे पडला. 'धरण अचानक फुटलं' हेही सगळ्यांच्या तोंडी असतं. वास्तविक आदल्या रात्री लष्कराचे जवान पानशेतला वाळूची पोती रचत होते. त्यांची ती रात्र गोष्टीतून गळावी, याचं मला फार वाईट वाटतं.

हे असं का होतं, याचा शोध जुना आहे. केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेट या मानसशास्त्रज्ञांनी १९३२ मध्ये दाखवलं की माणूस ऐकलेली गोष्ट पुन्हा सांगताना ती आपल्या ओळखीच्या साच्यात बसवतो. पुढे १९७७ मध्ये ब्राउन आणि कुलिक यांनी केनेडींच्या हत्येसारख्या धक्कादायक बातमीच्या आठवणीला 'फ्लॅशबल्ब' हे नाव दिलं. फोटो निघावा तसा तो क्षण मनावर उमटतो, असं त्यांना म्हणायचं होतं.

ही कल्पना हलली ती २८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर अंतराळयान कोसळल्यानंतर. उल्रिक नाइसर यांनी दुसऱ्याच दिवशी सकाळी अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांकडून 'बातमी कुठे, कशी कळली' हे लिहून घेतलं. सुमारे अडीच वर्षांनी त्यांतल्या ४४ जणांना तेच प्रश्न पुन्हा विचारले. ११ जणांचं सगळंच चुकलं, पूर्ण बरोबर आलं ते फक्त तिघांचं. चुकलेल्यांपैकी बरेच जण ठाम होते. आपलंच हस्ताक्षर समोर ठेवलं तरी मूळ आठवण कुणालाच परत आली नाही.

पुढे ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर टॅलारिको आणि रुबिन यांनी त्या दिवसाची आठवण आणि त्याच सुमाराची एखादी साधी आठवण यांची तुलना केली. दोन्ही सारख्याच झिजल्या होत्या. हल्ल्याच्या आठवणीवरचा विश्वास मात्र तसाच टिकून होता.

यंदा मी मामा आणि मावशीला वेगवेगळं बसवून सगळं लिहून घेतलं. मामाने या वेळी कंदिलाची काच तडकलेली होती, असंही सांगितलं. त्याच्या तोंडून हे मी पहिल्यांदाच ऐकलं.