फ्लाइंग ब्रँचची मेडिकल: फॉर्मवर 'फिट येत होती' लिहिण्याआधी हे वाचा

एसएसबीत, म्हणजे अधिकारी निवडीच्या मुलाखतीत, शिफारस झाली की हवाई दलाच्या फ्लाइंग ब्रँचच्या (वैमानिकांच्या शाखेच्या) मेडिकलसाठी दिल्लीच्या एअर फोर्स सेंट्रल मेडिकल एस्टॅब्लिशमेंटला किंवा बंगळूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिनला जावं लागतं. उंची, वजन, डोळे यांचे निकष जाहिरातीत दिलेले असतात. जळगाव-धुळ्याकडची मुलं अडकतात ती मेंदू आणि मनाच्या आजारांच्या पूर्वेतिहासात.

सगळ्यात मोठा घोळ आकडीचा. "पोऱ्याले फिट उनी व्हती," एवढं आई सांगते आणि मुलगा तेवढंच लिहून येतो. तेव्हा वय किती, अंगात ताप होता का, किती वेळा आली, काहीच नाही. नियम तर वयावरच उभा आहे. पाच वर्षांच्या वयानंतर आकडी आलेली असेल तर अपात्र. तान्हेपणी तापात आलेली, मागे मज्जासंस्थेचा दोष न ठेवलेली आकडी मात्र वेगळी धरली जाते. हा फरक दाखवणारा कागद घरात कुणाकडेच नसतो, कारण तेव्हा गावातल्या डॉक्टरने सुई दिली आणि विषय संपला. त्यात डॉक्टरांनी दवाखान्यात दाखल झालेल्या रुग्णाचा रेकॉर्ड फक्त 3 वर्षं ठेवायचा असा मेडिकल कौन्सिलचा 2002 चा नियम! अठरा वर्षांच्या पोराने काय करायचं? जुनी चिठ्ठी, लसीकरणाचं कार्ड, काहीही असेल ते आजच शोधा. मागच्या तारखेचं सर्टिफिकेट कुणी देऊ केलं तर हात जोडून नाही म्हणा.

मोटरसायकलवरून पडून डोक्याला मार लागला असेल तर फाईल लगेच मिळवा. मागणी केल्यापासून 72 तासांत रेकॉर्ड द्यावा लागतो, तेही मेडिकल कौन्सिलच्या त्याच नियमात आहे. मार लागल्यानंतर किती वेळ काही आठवत नव्हतं, यावरून दुखापत किती गंभीर होती ते ठरवतात. जबर मार असेल तर नाकारतात. डोक्याला मार, बेशुद्धी किंवा घरात कुणाला मिरगी असेल तर ईईजी (मेंदूच्या विद्युत लहरींचा आलेख) काढतात.

आपल्याकडे शब्द सैल वापरले जातात, त्याचा फटका बसतो. मे महिन्यात शेतात गरगरलं की आपण "ऊन लागलं" म्हणतो. वारंवार उष्माघात झाल्याचा इतिहास असेल तर भरती होत नाही. डोकं दुखलं की "मायग्रेन" म्हणतो. डोळ्यांपुढे चमक किंवा अंधारी येऊन झालेला मायग्रेनचा एकच झटकासुद्धा अपात्र ठरवायला पुरतो. झोपेत चालणं, अंथरूण ओलं होणं, झोप न लागणं, हे सारखं होत असेल तर तेही. म्हणून खरं झालं तेवढंच, डॉक्टरच्या शब्दात लिहा. लपवू मात्र नका. मुद्दाम लपवलेलं उघड झालं तर मिळालेली नेमणूक जाते.

अनफिट ठरलात तर घाबरून सही करून बाहेर पडू नका. कारण नीट विचारून लिहून घ्या आणि अपील करणार असं तिथेच सांगा. अपिलासाठीचे 42 दिवस हे घरी जाऊन विचार करायला दिलेले नाहीत, त्या मुदतीत अपील मेडिकल बोर्डापुढे, म्हणजे फेरतपासणीला, हजर व्हायचं असतं. आमच्या तालुक्यातला एक मुलगा चाळिसाव्या दिवशी अर्ज कुठे करायचा ते विचारत आला होता.

अपिलातही अनफिट ठरलात तर रिव्ह्यू बोर्डाची, म्हणजे त्यापुढच्या तपासणीची, विनंती एका दिवसाच्या आत करावी लागते, आणि ती मान्य होईलच असं नाही. भुसावळहून दिल्लीला जायलाच जवळजवळ एक दिवस लागतो. कागद आणायला परत घरी येता येणार नाही, म्हणून सगळी फाईल आणि तिच्या दोन झेरॉक्स निघतानाच बॅगेत घ्या.