आठव्या वर्षी घराबाहेर: इंग्लंडमधल्या प्रेप शाळांची पार्श्वभूमी

ब्रिटनमध्ये १ जानेवारी २०२५ पासून खासगी शाळांच्या फीवर २० टक्के व्हॅट लागू झाला आणि प्रेप शाळा पुन्हा चर्चेत आल्या. साधारण आठ ते तेरा वर्षांच्या मुलांना ईटन, हॅरो, विंचेस्टर अशा 'पब्लिक स्कूल' म्हणवणाऱ्या महागड्या खासगी शाळांसाठी तयार करणे, हे त्यांचे मूळ काम.

दोनशे वर्षांपूर्वी ही मधली पायरी जवळपास नव्हतीच. आठ-नऊ वर्षांची पोरे थेट मोठ्या शाळेत जात आणि सतरा-अठरा वर्षांच्या मुलांच्या तावडीत सापडत. मोठ्यांची हलकीसलकी कामे लहानांनी करायची, ही तिथली रीतच होती. ईटनमध्ये लाँग चेंबर नावाच्या दालनात मुलांना रात्री कोंडून ठेवत. आत काय चालते ते पाहायला मास्तर फिरकत नसत. रग्बी शाळेचे मुख्याध्यापक थॉमस आर्नल्ड यांच्या काळात (१८२८ ते १८४२) शाळांच्या नैतिक वातावरणाचा विचार सुरू झाला, तसे इतक्या लहान मुलांचे इथे काय काम, असा प्रश्न पुढे आला.

नौदलातले लेफ्टनंट चार्ल्स मॉल्डन यांनी १८३७ मध्ये आइल ऑफ वाइट बेटावर फक्त लहान मुलांची शाळा काढली. आजचे विंडलशॅम हाउस ते हेच. चीम ही शाळा आपला इतिहास १६४५ पर्यंत मागे नेते. पण केवळ पुढच्या शाळेची तयारी करून घेणारी शाळा ही कल्पना एकोणिसाव्या शतकातली. ऑक्सफर्डमध्ये १८६४ ला समर फील्ड्स आणि १८७७ ला ड्रॅगन स्कूल निघाली. ड्रॅगनची स्थापना तिथल्या प्राध्यापकांनीच केली. कॉलेजांमधल्या फेलोंना, म्हणजे तिथे शिकवणाऱ्या सदस्यांना, लग्नाची मुभा मिळू लागली होती, आणि त्यांच्या मुलांसाठी शाळा हवी होती.

खरा जोर मिळाला तो रेल्वेमुळे आणि साम्राज्यामुळे. ब्रायटन, ईस्टबर्न अशा समुद्रकाठच्या गावांत अनेक शाळा उभ्या राहिल्या. हिंदुस्थानात नोकरीला असलेले गोरे अधिकारी मुलांना सात-आठ वर्षांचे झाले की विलायतेला धाडत. पुढची काही वर्षे आईबाप पत्रांतूनच भेटत. या इतिहासातली मला सर्वांत जड वाटणारी गोष्ट हीच. मोतीहारीत जन्मलेल्या इंग्रज लेखक जॉर्ज ऑर्वेलचे वडील हिंदुस्थानात अफू खात्यात होते. ऑर्वेल आठव्या वर्षी ईस्टबर्नच्या एका निवासी प्रेप शाळेत गेला. तिथल्या भीतीबद्दल आणि अपमानाबद्दल त्याने पुढे लिहिलेला निबंध त्याच्या हयातीत छापलाच गेला नाही. त्या शाळेवर प्रेम करणारे माजी विद्यार्थीही होते, हेही सांगायला हवे.

प्रेप शाळांच्या मुख्याध्यापकांची संघटना झाली १८९२ मध्ये. ते एकत्र आले ते लहान मुलांच्या क्रिकेटसाठी चेंडू केवढा आणि खेळपट्टी किती लांब असावी, हे ठरवायला. १९०४ पासून 'कॉमन एंट्रन्स' ही पब्लिक स्कूलच्या प्रवेशाची सामाईक परीक्षा आली आणि अभ्यासक्रम तिच्याच तालावर चालू लागला. आठव्या वर्षी लॅटिन सुरू, कारण पुढच्या शाळेला ते हवे. सारे आयुष्य घंटेवर चाले: दुपारी खेळ, संध्याकाळी सक्तीचा अभ्यास, रविवारी घरी पत्र. आजारी मुलाला पाहायला मेट्रन, आणि घरच्या खाऊची 'टक बॉक्स' हा प्रत्येकाचा जिव्हाळ्याचा ऐवज. मुलांचे गट म्हणजे हाऊस आणि त्यांच्यावर देखरेख करणारे मोठे विद्यार्थी म्हणजे प्रीफेक्ट, ही पद्धत आपल्याकडे पाचगणीच्या निवासी शाळांतही रुजली. डेहराडूनला तर १९३५ मध्ये डून स्कूल निघाल्यावर दोनच वर्षांत तिच्यासाठी मुले तयार करणारी वेल्हम ही प्रेप शाळा आली.

यातल्या बऱ्याच शाळा मुख्याध्यापकाच्या घराण्याची मालमत्ता असत. दुसऱ्या महायुद्धानंतर अनेकींचे धर्मादाय न्यास झाले, पुढे मुलींना प्रवेश मिळाला, दिवसापुरती येणारी मुले वाढली. निवासी मुलांच्या देखभालीची कायदेशीर जबाबदारी शाळांवर १९८९ च्या बालक कायद्याने टाकली. छडी मात्र सरकारी शाळांतून १९८७ मध्ये गेली, तरी इंग्लंडच्या खासगी शाळांत ती बंद व्हायला १९९९ उजाडले.