‘जिद्द आणि चिकाटीच्या जोरावर’

नाशकात स्पर्धा परीक्षेचा निकाल लागला की कॉलेज रोड, गंगापूर रोडवर अभिनंदनाचे फ्लेक्स झळकतात. फेटा बांधलेली मुलगी, शेजारी आई-वडील आणि खाली ठरलेली ओळ: ‘जिद्द आणि चिकाटीच्या जोरावर’. दोन्ही शब्द सख्ख्या बहिणींसारखे वावरतात, पण घराणी वेगळी.

जिद्द मूळची अरबी. तिकडे या शब्दाचा अर्थ विरुद्ध, उलट. फारसीच्या वाटेने ती आपल्याकडे आली. हिंदीत ‘जिद’ अजूनही बहुतेक हेकेखोरपणाच; सातपूरच्या कारखान्यात उत्तरेकडचा सहकारी ‘जिद मत करो’ म्हणतो, तेव्हा तो कौतुक करत नसतो. मराठीने मात्र तिला मान दिला. गंमत म्हणजे संस्कृत ‘हठ’ आपल्याकडे हट्ट होऊन बालहट्ट, स्त्रीहट्ट, राजहट्टात अडकला आणि बाहेरून आलेली जिद्द फ्लेक्सवर चढली.

चिकाटी घरचीच, ‘चिकट’पासून आलेली. चिकट शब्दाची एरवी फारशी अब्रू नाही. कंजूष माणूस चिकट. द्राक्षबागेत पिठ्या ढेकूण पडला की घडांवर येतो तो चिकटा, धुतला तरी सहज न निघणारा. तोच गुण माणसाच्या कामात दिसला की आपण चिकाटी म्हणतो. आणखी एक फरक बोलण्यात आपोआप पाळला जातो. माणूस जिद्दीला पेटतो. चिकाटीला कुणी पेटत नाही, ती धरावी लागते.

पंचवटीत हा फरक घडताना दिसला होता. २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. मंदिराचे दरवाजे बंद केले गेले, सत्याग्रही दाराशी ठाण मांडून बसले. पुढच्या महिन्यात रामनवमीच्या रथाच्या वादातून दगडफेक झाली. त्या दिवसांना जिद्द म्हणता येईल. पण पुढची वर्षं? बाबासाहेब गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेले, तरी दादासाहेब गायकवाड आणि स्थानिक कार्यकर्त्यांनी लढा तगवून धरला. माझ्या मते ‘चिकाटी’ला नाशिकच्या इतिहासात याहून चपखल जागा नाही.

मार्च १९३४ मध्ये बाबासाहेबांनीच गायकवाडांना पत्र लिहून सत्याग्रह थांबवण्याचा सल्ला दिला. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, याच जिल्ह्यात येवल्याला, त्यांनी धर्मांतराची घोषणा केली. काळारामाची दारं दलितांसाठी तेव्हाही उघडली नव्हती.