व्हर्च्युअल डॉम

व्हर्च्युअल डॉम : ब्राउझरच्या दस्तऐवज-वृक्षाची, म्हणजे डॉमची, जावास्क्रिप्ट वस्तूंच्या रूपात ठेवलेली हलकी प्रतिकृती आणि तिच्या आधारे पडदा अद्ययावत करण्याची पद्धत. घटकांतून, म्हणजे पडद्याचा एकेक भाग घडवणाऱ्या तुकड्यांतून, रचलेल्या वेब-अनुप्रयोगात एखाद्या घटकाची स्थिती (त्याने जपलेली बदलती माहिती) बदलली की त्याचे फंक्शन पुन्हा चालते व नवा वृक्ष तयार होतो. तो जुन्याशी ताडला जातो आणि निघेल तेवढाच फरक खऱ्या डॉमवर उतरवला जातो. रिॲक्ट, प्रिॲक्ट व व्ह्यू (२०१६ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून) या वेब-पाने रचण्याच्या प्रणालींत ही पद्धत आढळते.

उगम : रिॲक्टचा कर्ता जॉर्डन वॉक. फेसबुकमध्ये असताना त्याने केलेला फॅक्सजेएस हा पूर्वनमुना साधारणतः २०११ चा मानतात. रिॲक्ट सर्वांसाठी खुले झाले ते मे २०१३ मध्ये. त्यामागच्या कल्पनेचे मूळ दोन ठिकाणी दाखवले जाते. पहिला पक्ष एक्सएचपीकडे बोट दाखवतो. पीएचपी भाषेची ही वाढीव रचना फेसबुकने २०१० मध्ये खुली केली होती. पान दर वेळी सर्व्हरवर नव्याने घडवण्याची तिची सवय ब्राउझरमध्ये आणायची, तर सगळा डॉम पुसून पुन्हा मांडावा लागला असता. तसे केल्यास कर्सर, स्क्रोलची जागा, अर्धवट भरलेला मजकूर सारेच हरवते. म्हणून फरक शोधणे ओघानेच आले. दुसरा पक्ष फंक्शनल भाषांच्या परंपरेवर भर देतो. वॉकने आरंभीचा नमुना स्टँडर्ड एमएल भाषेत लिहिल्याचे सांगितले जाते, आणि पडदा हे स्थितीचे फलन मानण्याची दृष्टी त्या परंपरेशी जुळते. एक्सएचपीतून जेएसएक्सची, म्हणजे जावास्क्रिप्टमध्येच एचटीएमएलसारख्या खुणा लिहिण्याची, लेखनपद्धती आली हे उघड आहे. तुलनेमागचा विचार मात्र दुसऱ्या पक्षाने अधिक चांगला उलगडतो.

तुलनेची रीत : दोन वृक्षांमधील किमान फरक काढण्याच्या सर्वसाधारण रीतींना नोडसंख्येच्या (नोड म्हणजे वृक्षातील एकेक गाठ) घनाच्या प्रमाणात वेळ लागतो, १,००० नोडसाठी सुमारे १०० कोटी तुलना. रिॲक्ट दोन गृहीतांवर हे काम नोडसंख्येच्या प्रमाणात आणते. नोडचा प्रकार बदलला तर त्याखालची सारी शाखा टाकून नवी बांधायची. भावंड-नोडची ओळख ‘की’ या खुणेवरून पटवायची. यादीतील क्रमांकच की म्हणून दिला आणि आरंभी एक ओळ घातली, तर प्रत्येक ओळ दुसरीच समजली जाते. काम वाढते हे एक. त्याहून वाईट म्हणजे एका ओळीत टंकलेला मजकूर दुसऱ्या ओळीपाशी दिसू लागतो.

वेगाचा प्रश्न : या पद्धतीमुळेच वेग येतो ही समजूत दीर्घकाळ टिकली. स्व्हेल्ट या दुसऱ्या वेब-प्रणालीचा कर्ता रिच हॅरिस याने डिसेंबर २०१८ मध्ये तिच्यावर टीका केली: तुलना हे डॉम बदलण्याच्या कामावर चढवलेले जादा काम आहे. हे मत स्वीकारण्याजोगे आहे. सेकंदाला ६० चौकटी (पडद्याची एकामागून एक चित्रे) दाखवायच्या तर एका चौकटीला जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात, आणि तुलनेचा वेळही त्यातूनच जातो. खरी बचत होते ती घटक पुन्हा चालवावाच लागू नये अशी व्यवस्था केल्याने.

यासाठीचे मुख्य साधन मेमोकरण. ही संज्ञा डॉनल्ड मिची याने १९६८ मध्ये यंत्र-अध्ययनाच्या संदर्भात रूढ केली: फंक्शनचे उत्तर जपून ठेवायचे व तेच आदान आल्यास ते परत द्यायचे. रिॲक्टमध्ये १६.६ या आवृत्तीत (२०१८) ‘मेमो’, आणि १६.८ मध्ये (२०१९) ‘यूजमेमो’ व ‘यूजकॉलबॅक’ आले. येथील तुलना उथळ असते. वस्तूच्या आत काय आहे हे न पाहता वस्तू तीच आहे का एवढेच पाहिले जाते. पालक-घटक दर रेंडरला (त्याचे फंक्शन चालण्याच्या प्रत्येक वेळी) नवी वस्तू किंवा नवे फंक्शन खाली पाठवत असेल, तर मेमो लावूनही घटक पुन्हा चालतोच. अपरिवर्तनीय डेटाचे महत्त्व येथे आहे. डेव्हिड नोलन याने डिसेंबर २०१३ मध्ये क्लोजरस्क्रिप्ट या भाषेतील ओम ही प्रणाली मांडून ते दाखवून दिले. डेटा जागेवर बदलतच नसेल, तर अख्ख्या शाखेविषयीचा निर्णय एका संदर्भ-तुलनेत (वस्तू तीच आहे का एवढे पाहून) होतो.

पुष्कळदा मेमोची गरजही पडत नाही. शोध-चौकटीतील अक्षरे वरच्या घटकात साठवली की प्रत्येक कळीगणिक खालची मोठी यादी पुन्हा रेंडर होते. ती स्थिती चौकटीच्याच घटकात उतरवली की त्रास संपतो. हजारो ओळींच्या यादीत दृष्टीच्या टप्प्यातल्याच ओळी मांडतात.

नंतरच्या दिशा : फायबर या रिॲक्टच्या नव्या गाभ्याने (२०१७) रेंडर तुकड्यांत विभागण्याची सोय केली, तिचा सार्वत्रिक लाभ १८ व्या आवृत्तीपासून (२०२२) मिळू लागला. दुसरी दिशा सिग्नलची. बदललेले मूल्य जेथे वापरले असेल तेवढीच जागा तीत थेट बदलते. नॉकआउट या प्रणालीत (२०१०) तिचे पूर्वरूप दिसते. पुढे सॉलिडने आणि २०२३ मध्ये अँग्युलरने ती स्वीकारली. रिॲक्टने मात्र मेमोकरण आपोआप करणाऱ्या कंपायलरची (लिहिलेल्या कोडचे रूपांतर करणाऱ्या साधनाची) वाट धरली असून त्याची १.० आवृत्ती ऑक्टोबर २०२५ मध्ये आली.