फडक्याला रंग लागायचा तेव्हापासून

खंडेनवमीच्या आदल्या रविवारी आमच्या गल्लीत अजून तेच चालतं. बादली, जुनी बनियन, रबिंग कंपाउंडचा म्हणजे रंग घासायच्या खरखरीत पेस्टचा डबा आणि बॉनेटवर गोल-गोल फिरणारा हात. आमचे काका त्यांची लाल मारुती ८०० अशीच घासायचे, पाच मिनिटांत बनियन गुलाबी व्हायची आणि ती आम्हाला दाखवून म्हणायचे, "पाहा, कसा मळ निघून राहिला!" तो मळ नव्हताच, रंग होता. पण गंमत अशी की त्या गाडीला ते चालत होतं. तोच डबा मी माझ्या सिल्व्हर गाडीवर चालवला तर बॉनेटच्या कडेला एक पांढुरका पट्टा पडला तो आजवर गेला नाही. असं काऊन झालं हे शोधायला गेलो तर भानगड थेट घोडागाडीच्या काळापर्यंत पोचली.

सुरुवातीच्या मोटारींना वेगळा असा रंगच नव्हता, बग्गीवर जे व्हार्निश लागायचं तेच मोटारीवर. जवसाच्या तेलाचं, ब्रशनं थरावर थर, प्रत्येक थर वाळला की प्यूमिस दगडाच्या भुकटीनं घासायचा आणि मग पुढचा. एक गाडी रंगवायला कित्येक आठवडे जायचे आणि उन्हात ते व्हार्निश पिवळं पडून तडकायचं. म्हणजे घासणं हे गाडी जुनी झाल्यावर करायचं काम नव्हतं, ते रंगकामाचाच भाग होतं. फोर्डनं १९१४ पासून १९२५ पर्यंत मॉडेल टी फक्त काळ्या रंगात काढली, तो भट्टीत भाजलेला डांबरी काळा. स्वस्त आणि टिकाऊ, पण काळाच.

खरी उलथापालथ झाली ड्युकोनं. हो, तोच ड्युको, जो आपल्याकडे फर्निचरवाला आजही म्हणतो, "भाऊ, ड्युको मारू की लॅमिनेट?" अमेरिकेतल्या ड्यूपॉन्ट कंपनीच्या नायट्रोसेल्युलोज लॅकरचं, म्हणजे झटपट वाळणाऱ्या रंगाचं, ते नाव, १९२३ मधलं. त्याची गोष्ट अशी सांगतात की १९२० च्या जुलैमध्ये त्यांच्या फिल्म बनवायच्या प्रयोगशाळेत नायट्रोसेल्युलोजचं एक पिंप काम अडल्यामुळं दोन-तीन दिवस उन्हात राहून गेलं, उघडून पाहिलं तर घट्ट चिक्कीऐवजी पातळ पाक झालेला, आणि पातळ असूनही त्यात रंग भरपूर मावत होता. मग तो फवाऱ्यानं मारता यायला लागला, आठवड्यांचं वाळणं तासांवर आलं, आणि जनरल मोटर्सच्या १९२४ च्या ओकलंड गाड्या निळ्या ड्युकोत बाजारात आल्या. (उन्हात पिंप विसरायचं काम नागपुरात झालं असतं तर काय निघालं असतं देव जाणे.)

पण या लॅकरची एक खोड होती. फवारल्यावर ते मंदच दिसायचं, चमक यायला कारखान्यातच कंपाउंड लावून घासावं लागायचं. नंतर उन्हानं वरचा थर मेला, पांढरी पावडर सुटली की मालकानं घरी परत घासायचं, खाली ताजा रंग तयारच. पुढं अल्किड इनॅमल हा दुसऱ्या जातीचा रंग आला, तो न घासताही चमकायचा, पण म्हातारा झाला की पावडर तोही सोडायचा. आपल्याकडच्या ॲम्बेसेडर, पद्मिनी आणि सॉलिड रंगाच्या ८०० अशाच, वरपासून खालपर्यंत रंगच रंग. म्हणून बनियन गुलाबी. लाल रंग उन्हात सगळ्यात आधी फिका पडतो आणि आपल्याकडचं ऊन म्हणजे काय, २०१३ च्या मे महिन्यात नागपुरात पारा ४७.९ वर गेला होता, गाडी सदरला झाडाखाली लावा की बर्डीवर, छत भाजणारच.

आता वॅक्स. कार्नोबा हे ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं मेण, ८२ ते ८६ अंशांना वितळतं, म्हणजे नैसर्गिक मेणांत भलतंच कडक. मेग्वायर्स ही कंपनी १९०१ मध्ये फर्निचरच्या पॉलिशपासून सुरू झाली, सिमोनाइज १९१० ची शिकागोची, म्हणजे घरचं टेबल चमकवायची विद्याच मोटारीवर आली. पण वॅक्स काही रंग दुरुस्त करत नाही, ते फक्त वरून पांघरूण. आपल्या मे महिन्यात ते पांघरूण काही आठवड्यांत उडून जातं.

मग १९८० च्या आसपास बेसकोट-क्लिअरकोट पसरायला लागला आणि इथंच आपले हात आणि गाडी यांची फारकत झाली. खाली रंगाचा पातळ थर आणि त्यावर पारदर्शक क्लिअर, साधारण ४० ते ५० मायक्रॉन, माणसाच्या केसाहूनही बारीक. ऊन अडवणारी रसायनं त्या क्लिअरमध्ये. जोरात रबिंग केलं की तो थर झिजतो, कडेला आणि घडीवर तर आधीच पातळ, तिथं चटकन पार. माझा पट्टा तसाच पडला. क्लिअर गेला की खालचा रंग उघडा, मग छतावर पापुद्रे सुटतात, आणि त्यावर कुठलीच पॉलिश चालत नाही, सरळ पुन्हा पेंटिंगच.

नागपुरात याला आणखी दोन गोष्टी जोडल्या गेल्यात. एक कोराडी-खापरखेड्याच्या औष्णिक वीज केंद्रांची राख. त्या बाजूला राहणाऱ्यांना सांगायची गरज नाही, सकाळी बॉनेटवर राखाडी साय असते. ती मऊ वाटते पण तिच्यात सिलिका आणि ॲल्युमिनाचे कण, म्हणजे जवळपास बारीक पॉलिश पेपरच, त्यावर सकाळी कोरडा कपडा फिरवला की कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे. ते पाहून माणूस रबिंगचा डबा काढतो आणि चक्र चालू. दुसरी गोष्ट बोअरचं पाणी, उन्हात गाडी धुतली की थेंब वाळून चुन्याचे गोल डाग.

नवे उपायही असेच दुसऱ्या जागेवरून आलेले. चिकटलेली घाण उचलणारी क्ले जपानची, नव्वदच्या दशकात बाहेर पसरली. पीपीएफ म्हणजे गाडीच्या रंगावर चिकटवायची ती पारदर्शक फिल्म, मूळ व्हिएतनाम युद्धात हेलिकॉप्टरची पाती वाळू-दगडांपासून वाचवायला बनली, म्हणूनच दगडाचा टवका खरंच झेलते. सिरॅमिक कोटिंग सिलिकाचं, एक-दोन मायक्रॉनचं, पाणी सुंदर घरंगळतं पण दगड अडवत नाही, आणि ते '९एच' म्हणजे पेन्सिलीच्या कडकपणाची मोजणी, हिऱ्याची नाही. टेफ्लॉन कोटिंगबद्दल मला तर शंकाच आहे बाप्पा, टेफ्लॉन ३२७ अंशांना वितळतं, तव्यावर ते भट्टीत बसवतात, गाडीवर थंड पत्र्यावर फडक्यानं कसं बसेल?

तर आता मी करतो ते इतकंच. आधी भरपूर पाण्यानं राख उतरवायची, सावलीत, पत्रा गार असताना, शाम्पूची एक बादली आणि मिट, म्हणजे धुवायचा हातमोजा, खंगाळायला दुसरी. पॉलिश अगदी बारीक, तेही वर्षातून एखादवेळ, आधी एका कोपऱ्यात हातभर जागेवर करून पाहायचं, कडांना टेप. मग वॅक्स किंवा स्प्रे सीलंट. रबिंगचा डबा आहे अजून, पण तो स्कूटरच्या जुन्या मडगार्डसाठी.

यंदा काका आले होते. मी बॉनेट करून फडकं झटकलं, त्यांनी ते हातात घेऊन उलटंपालटं पाहिलं आणि म्हणाले, "हे तं पांढरंच आहे, मग तू सकाळपासून करून काय राहिला?"