ड्रेझ नेत्रचाचणी

प्रसाधन किंवा रसायन डोळ्यात गेल्यास किती इजा होते, हे जिवंत सशाच्या डोळ्यावर पाहण्याची पद्धत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनातील विषशास्त्रज्ञ जॉन ड्रेझ व सहकाऱ्यांनी ती १९४४ मध्ये मांडली. तिची गरज खोटी नव्हती. १९३३ च्या सुमारास 'लॅश ल्युअर' या पापण्या रंगवण्याच्या रंगाने अमेरिकेत काही स्त्रियांची दृष्टी गेली, एकीचा जीवही गेला. प्रसाधनांना कायद्याच्या कक्षेत आणणारा १९३८ चा कायदा झाला, त्यामागे अशी प्रकरणे होती.

पांढऱ्या सशाची खालची पापणी ओढून झालेल्या खोबणीत ०.१ मिलि द्रव किंवा ०.१ ग्रॅमपर्यंत भुकटी टाकतात आणि पापण्या सेकंदभर मिटून धरतात. दुसरा डोळा तुलनेसाठी तसाच ठेवतात. १, २४, ४८ आणि ७२ तासांनी पाहणी होते. इजा भरून येते का हे २१ दिवसांपर्यंत तपासतात. एकूण गुण ११०. त्यांपैकी कॉर्नियाच्या (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याच्या) गढूळपणाला ८०, बुबुळाला १० आणि पापणीच्या आतील पडद्याची लाली, सूज व स्रावाला २०. पूर्वी सहा ससे लागत, पुढे तीनांवर भागू लागले. भूल व वेदनाशामके देणे हा मार्गदर्शक तत्त्वांतील नेहमीचा भाग व्हायला मात्र २०१२ उजाडले.

ससा निवडला तो सोयीसाठी: डोळा मोठा, स्वभाव गरीब. पण तो क्वचितच पापणी लववतो, त्याला अश्रू कमी येतात, तिसरी पापणी असते आणि कॉर्निया माणसापेक्षा पातळ असतो. शिवाय गुण नजरेने द्यायचे. १९७१ मध्ये वाइल व स्काला यांनी तीच रसायने सुमारे दोन डझन प्रयोगशाळांना दिली, तेव्हा एकीने तीव्र दाहक ठरवलेले द्रव्य दुसरीने जवळपास निरुपद्रवी ठरवले. नैतिक आक्षेपाला खरी धार येते ती इथे: वेदना देऊन मिळणारा आकडाच डळमळीत होता. १९८० मध्ये प्राणिहक्क कार्यकर्ते हेन्री स्पायरा यांनी रेव्हलॉन या प्रसाधन कंपनीविरुद्ध वृत्तपत्रात पानभर जाहिरात दिली. त्यानंतर कंपनीने पर्यायी चाचण्यांच्या संशोधनासाठी रॉकफेलर विद्यापीठाला साडेसात लाख डॉलर दिले.

आजच्या पर्यायांपैकी एकात कत्तलखान्यातून आणलेला गाईबैलांचा कॉर्निया वापरतात. (जनावर चाचणीसाठी मारलेले नसते, एवढाच दिलासा.) द्रव असल्यास ७५० मायक्रोलिटर १० मिनिटे ठेवतात, मग गढूळपणा आणि फ्लुओरेसिन हे रंगद्रव्य किती पाझरले ते मोजतात. गुणांक ५५ च्या वर गेल्यास गंभीर इजा, ३ पर्यंत असल्यास वर्गीकरणाची गरज नाही. अल्कोहोल व कीटोनबाबत ही चाचणी धोका फुगवून दाखवते. दुसऱ्या पर्यायात मानवी पेशींपासून वाढवलेल्या ऊतीवर जिवंत पेशींचे प्रमाण रंगबदलावरून मोजतात. तिथे गडद रंगाचा नमुना मोजमाप बिघडवतो, म्हणून वेगळा नियंत्रण-नमुना लागतो.

भारतात प्रसाधनांची प्राण्यांवरील चाचणी आणि अशा चाचणीतून गेलेल्या मालाची आयात, दोन्हींवर २०१४ मध्ये बंदी आली. युरोपीय संघाने ११ मार्च २०१३ पासून विक्रीही रोखली. तरी वेष्टनावरचा, 'प्राण्यांवर चाचणी नाही' असे सांगणारा सशाचा शिक्का जपून वाचावा: घटकद्रव्य पूर्वी कधी तपासले होते, हे त्यातून कळतेच असे नाही. युरोपातच रसायन कायदा कामगारांच्या सुरक्षेसाठी प्राणी-चाचणी मागू शकतो, मग ते द्रव्य फक्त प्रसाधनात वापरले जात असले तरी. उन्हापासून संरक्षण देणाऱ्या दोन घटकांबाबत युरोपीय न्यायालयाने २०२३ मध्ये ही मागणी वैध ठरवली.