मोटारसायकलचे परदेशी सस्पेन्शन भाग

गाडीसोबत आलेला पुढचा फोर्क (पुढचे चाक धरणाऱ्या, धक्के शोषणाऱ्या नळ्यांची जोडी) किंवा मागचा शॉकअप (मागचे धक्के शोषणारा भाग) बदलून, किंवा त्यातले फक्त आतले भाग बदलून, परदेशी कंपनीचे भाग बसवण्याची पद्धत. गाडी बनवणारी कंपनी स्प्रिंग निवडताना सरासरी वजनाचा चालक धरते. नव्वद किलोचा चालक, मागे डबलसीट आणि वर सामान असे चित्र असेल तर तीच स्प्रिंग पहिल्या मोठ्या खड्ड्यात तळाला टेकते. या खरेदीचे मूळ कारण हेच आहे.

या क्षेत्रातले सर्वांत गाजलेले नाव स्वीडनचे ओहलिन्स. केंट ओहलिन यांनी ही कंपनी १९७६ मध्ये काढली. १९८७ ते २००७ या काळात तिची मोठी मालकी यामाहाकडे होती. २०२५ पासून ती इटलीच्या ब्रेम्बोकडे आहे. डब्ल्यूपी १९७७ मध्ये नेदरलँड्समध्ये सुरू झाली आणि पुढे केटीएम या ऑस्ट्रियन मोटारसायकल कंपनीच्या घरात गेली. म्हणून चाकणला तयार होणाऱ्या केटीएम गाड्यांच्या फोर्कवरही ते नाव दिसते. कॅलिफोर्नियाची रेस टेक आणि थायलंडची वायएसएस याही भारतीय चालकांच्या ओळखीच्या.

साध्या फोर्कमध्ये तेल ठरावीक भोकांतून जाते. फोर्क हळू दबला की भोके फारसा विरोध करत नाहीत, त्यामुळे ब्रेक मारताच पुढचा भाग खाली जातो. खड्ड्यात तो झपाट्याने दबतो तेव्हा विरोध वेगाच्या जवळजवळ वर्गाने वाढतो आणि हाताला सणका बसतो. एकाच फोर्कबद्दल ‘मऊ आहे’ आणि ‘कडक आहे’ या दोन्ही तक्रारी ऐकू येतात त्या यामुळे. रेस टेकचा ‘इम्युलेटर’ हा छोटा व्हॉल्व्ह स्प्रिंगखाली बसतो आणि झटक्याच्या वेळी तेलाला जास्तीची वाट देतो. महागड्या शॉकअपआधी योग्य स्प्रिंग आणि असा व्हॉल्व्ह मागवावा. पैसे कमी लागतात, पार्सल लहान राहते आणि पुढच्या चाकातला फरक लगेच कळतो.

मागवण्याआधी माप घेणे अटळ. रॉयल एनफिल्डच्या हिमालयन ४११ चा साधा फोर्क ४१ मिलिमीटर व्यासाचा, तर हिमालयन ४५० चा शोवा कंपनीचा उलटा (जाड नळी वर असलेला) फोर्क ४३ मिलिमीटरचा. गाडीच्या नावावर विसंबून भाग मागवला तर तो बसणारच नाही. स्प्रिंगची ताकद न्यूटन प्रति मिलिमीटरमध्ये, म्हणजे एक मिलिमीटर दबायला किती जोर लागतो यात, पाहावी. चालक बसल्यावर गाडी सस्पेन्शनच्या एकूण प्रवासाच्या (ते जास्तीत जास्त जितके दबते त्या अंतराच्या) साधारण ३० टक्के खाली बसावी, म्हणजे २०० मिलिमीटर प्रवासाला ६० मिलिमीटर. फोर्कच्या तेलाच्या बाटलीवरचा दाटपणाचा ‘१०डब्ल्यू’ आकडा प्रत्येक कंपनीचा वेगळा निघतो, म्हणून ४० अंश सेल्सिअसची चिकटता सेंटिस्टोक या एककात ताडून पाहावी.

भारतात सीमाशुल्क काढताना वस्तूची किंमत, वाहतूक आणि विमा एकत्र धरतात. त्यावर मूळ सीमाशुल्क, सर्वसाधारणपणे त्या शुल्काच्या १० टक्के समाज कल्याण अधिभार आणि या सगळ्यांच्या बेरजेवर आयजीएसटी (एकात्मिक जीएसटी) लागतो. म्हणजे वाहतुकीवरही कर भरावा लागतो; जड शॉकअप त्यामुळेच अपेक्षेपेक्षा महाग पडतो. अमेरिकेतल्या मावसभावाला ‘गिफ्ट’ लिहून पाठवायला सांगणे हा जुना उपाय आता चालत नाही. राखी आणि जीवरक्षक औषधे सोडता टपाल-कुरिअरने भेट म्हणून शुल्क न भरता वस्तू आणण्यास डिसेंबर २०१९ पासून मनाई आहे; पूर्ण शुल्क भरून भेट आणता येते.

बऱ्याच शॉकअपमध्ये दाबाखालचा नायट्रोजन असतो. विमानाने पाठवताना त्याला धोकादायक मालाचे नियम लागू शकतात, त्यामुळे काही विक्रेते तो पाठवायला तयारच होत नाहीत. पुढची अडचण दुरुस्तीची. तेल आत अडवणारे रबरी सील गळू लागले की तेल बदलून पुन्हा नायट्रोजन भरावा लागतो, आणि ते जमणारे गॅरेज प्रत्येक गावात नसते. म्हणून शॉकअपसोबत सील किट त्याच पार्सलमध्ये मागवावी. नंतर एकट्या किटसाठी पुन्हा वाहतूक आणि शुल्क भरणे फार जिवावर येते.